स्टुलावर कोण बसलंय, ते आधी बघा

माझा दवाखाना लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. केईएम, टाटा, वाडिया, शिवडीचं टीबी हॉस्पिटल, सगळी आसपासच. म्हणून नव्या डॉक्टरांना वाटतं, मोठे निर्णय तिकडे होतात. इथे काय, सर्दी-खोकला आणि बीपीच्या गोळ्या. पण तिकडे जाण्याआधी आणि तिकडून आल्यावर माणसं आमच्या दारात उभी राहतात, आणि ती जे मागतात त्यातलं बरंचसं औषधात मोडत नाही. "त्यांना सांगू नका." "हे केसपेपरवर नको." "तारीख मागची टाका." "पोलिसांची भानगड नको, तुम्ही घरच्याच." "फक्त एक सही, मॅडम."

इंटर्नशिप संपवलेली मुलं-मुली संध्याकाळी माझ्या ओपीडीत बसायला येतात. प्रत्येकाला तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. पेशंटनी वाचलं तरी चालेल. आपली डॉक्टर काही बाबतींत हट्टाने नाही का म्हणते, ते समजेल.

माझ्या टेबलाला लागून एक स्टूल आहे आणि भिंतीला बाकडं. तपासायचं ते माणूस स्टुलावर, सोबतचे बाकड्यावर. पेच पडला की पहिलं काम हे: मागणी स्टुलावरून आली आहे की बाकड्यावरून, ते बघायचं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे आजार एकाचा असतो आणि बोलतात चौघं. शिवाय कंपनीचा मालक, पोलिस, सोसायटीचा सेक्रेटरी, विम्याचा एजंट. ही वाईट माणसं नसतात, पण पेशंटही नसतात. कायदा पुढे सांगतेच, पण त्यातले बरेचसे निकाल वाचले तर दिसेल की न्यायाधीशांनीही स्टूल कुठे आहे तेच शोधलंय.

"बाबांना सांगू नका"

हे सगळ्यात जास्त वेळा येतं. वडील अजून पायऱ्या चढतायत, तेवढ्यात मुलगा फाइल घेऊन आत येतो. "मॅडम, बाबांना फक्त गाठ आहे म्हणून सांगितलंय. कॅन्सर हा शब्द काढू नका. खचतील ते."

इथे लगेच 'बरं' म्हणायचं नाही, आणि हक्कांवर भाषणही द्यायचं नाही. तो मुलगा रात्रभर झोपलेला नसतो. त्याला विचारा, "त्यांना काय माहीत असेल असं तुला वाटतं?" बहुतेक मुलं इथे गप्प होतात. लालबाग-परळमध्ये टाटाला कशासाठी नेतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. ज्याने उभा जन्म गिरणीत काढला त्याला कळलं नसेल?

मग मुलाला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा: "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण किती ऐकायचं ते त्यांनाच विचारणार. आणि त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही." हे आधी सांगितलं की नंतर भांडण होत नाही. विश्वासघात केला असं कुणी म्हणू शकत नाही.

वडील स्टुलावर बसले की मी विचारते, "काका, तुमच्या रिपोर्टांबद्दल सगळं तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की पोराशी बोलू?" काही जण म्हणतात, "त्याच्याशीच बोला, मला नको." तेही त्यांनीच ठरवलेलं आहे. ते केसपेपरवर तारखेसकट लिहा: 'पेशंटची इच्छा: माहिती मुलाला द्यावी.' आणि दोन-तीन भेटींनी पुन्हा विचारा, कारण मन बदलतं. काही काका मात्र मुलाकडे न बघता म्हणतात, "बोला तुम्ही." मग बोलायचं. एकदम सगळं ओतायचं नाही. एक वाक्य, मग थांबायचं, मग त्यांचा प्रश्न येऊ द्यायचा. आयुष्य किती उरलं, हा प्रश्न आलाच तर आकडा ठोकून देऊ नका.

आपली डॉक्टरांची आचारसंहिता २००२ ची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली, त्यामुळे जुनीच चालू. त्यात म्हटलंय की आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पेशंट आणि त्याच्या नातेवाइकांना हिताचं ठरेल इतकं कळावं. म्हणजे नातेवाइकांना जागा आहे. पण केमो किंवा ऑपरेशनची वेळ आली की ती जागा संपते. ज्याला कशासाठी हेच ठाऊक नाही त्याची सही संमती ठरत नाही. मुलाला हेच सांगा: "केमोच्या फॉर्मवर सही त्यांचीच लागणार आहे. तिथे अनोळखी डॉक्टरकडून कळण्यापेक्षा घरी तुझ्याकडून कळू दे."

याच प्रसंगाची एक कुरूप बाजूही आहे. वडिलांना अंधारात ठेवायचं कारण कधीकधी माया नसतं, खोली असते. पुनर्विकासात चाळ गेली, टॉवरमध्ये जागा मिळणार, आणि कागद वडिलांच्या नावावर. मग एक भाऊ येतो आणि 'बाबा शुद्धीत आहेत, समज चांगली आहे' असं सर्टिफिकेट मागतो, मृत्युपत्राला किंवा बक्षीसपत्राला जोडायला. हे सर्टिफिकेट द्यायला बंदी नाही. पण पद्धत अशी: बाकड्यावरच्या सगळ्यांना बाहेर बसवा. काकांना विचारा, तुमच्या नावावर काय काय आहे, मुलं किती, कुणाला काय द्यायचंय आणि का. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आज वार कोणता, हेही विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. वार सांगता येणारी माणसंही धाकाखाली सही करतात. मनाला पटलं नाही तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पुढे भावाभावांत कोर्टबाजी झाली की तुम्हाला साक्षीला बोलावणार आहेत, हे धरूनच लिहा.

सही कुणाची

"मिस्टरांची सही घेतली की झालं" हे अजून ऐकू येतं. सज्ञान, शुद्धीवरच्या बाईच्या शरीराबद्दल नवऱ्याची सही ही तिच्या सहीच्या जागी चालत नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई तपासणीसाठी लॅप्रोस्कोपीला, म्हणजे पोटात दुर्बीण घालून बघायला, गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई थोड्या वेळाने शुद्धीवर येणारच होती, तिला विचारायला हवं होतं. आईची संमती कामाची नाही. शिवाय तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी क्षणाचाही वेळ नसेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही तो वेळ का नव्हता हे लिहून ठेवायचं.

गर्भपाताचं तसंच. आपण जनरल प्रॅक्टिसवाले तो करत नाही, पण बाई पहिल्यांदा आपल्याकडेच येते आणि विचारते, "त्यांना कळेल का?" १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठरावीक कारणांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाढीव मुदतीत अविवाहित बाईलाही धरलं. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मग दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन येतो. "मॅडम, काल ही आली होती ना?" इथे 'तिच्याबद्दल सांगू शकत नाही' म्हटलंत की सांगितल्यासारखंच झालं. त्यामुळे सवय अशी लावा की कुणाबद्दलच काही फोनवर सांगायचं नाही, अगदी खोकल्याच्या औषधाबद्दलही. "मी फोनवर कुठल्याच पेशंटचं बोलत नाही, त्यांना घेऊन या." आमच्या चाळीत आता हे सगळ्यांना पाठ आहे, लोक मला तुसडी म्हणतात, म्हणू देत. आणि काउंटरवरच्या मुलीलाही हेच शिकवा. गुपितं सहसा डॉक्टरकडून फुटत नाहीत, 'काल आली होती की' असं सहज बोलणाऱ्या कंपाउंडरकडून फुटतात.

सोनोग्राफीहून येऊन "पेढे की बर्फी, एवढंच सांगा" म्हणणाऱ्या सासूबाईंना उत्तर एकच, आणि ते हसून देऊ नका. १९९४ च्या कायद्यात शब्दाने, खुणेने, कशानेही सांगणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी कुठे पाठवणारा डॉक्टरही त्यात येतो.

सतरा वर्षांची मुलगी

यात क्रम चुकला की मुलीचं नुकसान होतं, म्हणून क्रम सांगते.

आई मुलीला घेऊन येते, "पाळी चुकलीय, अभ्यासाचं टेन्शन असेल." मुलगी खाली बघत असते. तिला एकटीला भेटायचंच, पण प्रश्न विचारायच्या आधी हे सांगायचं: "तू बोलशील ते मी बाहेर बोलणार नाही. फक्त एक गोष्ट माझ्या हातात नाही. तू अठराच्या आतली आहेस. कुणाशी शरीरसंबंध आला असेल तर मला ते कळवावं लागतं." आधी गोड बोलून सगळं काढून घ्यायचं आणि मग कायदा दाखवायचा, हे मला फसवणूक वाटते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात, अठराखालच्या मुलीची 'माझ्या मर्जीने' ही गोष्ट चालत नाही, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणिसाचा मुलगा यांच्या प्रेमप्रकरणाला हा कायदा फार जड आहे असं माझं मत आहे. पण ते मत माझ्याकडे. कळवायचं की नाही हे ठरवायची मोकळीक मला कायद्याने दिलेली नाही.

खरी भीती पुढे असते. पोलिस हा शब्द ऐकला की आई मुलीला उठवून नेते, आणि चार दिवसांनी ती कुठल्या तरी भोंदूकडून रक्तस्राव घेऊन केईएमला पोचते. ते टाळायचं तर २०२२ चाच निकाल कामाला येतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अशा अल्पवयीन मुलीचा कायदेशीर गर्भपात करायचा असेल आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. या निकालाची प्रत माझ्या खणात असते. आईसमोर ती ठेवते, ओळ बोटाने दाखवते, मग ती पुन्हा बाकड्यावर टेकते. पाठवाल त्या डॉक्टरलाही तीच प्रत द्या, सगळ्यांना माहीत असते असं नाही.

जबरदस्ती झाली असेल तर नियम आणखी कडक आणि सोपे. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक हॉस्पिटलने ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे. टाळले तर तो गुन्हा. 'आधी एफआयआर आणा' म्हणणारं कुणी भेटलं तर हे त्याला ऐकवा. "पोरगा लग्न करायला तयार आहे, मिटवून टाकू" असं बाकड्यावरून आलं तर ते ऐकून घ्या आणि त्यावर काही बोलू नका. अठराच्या आत लग्नही बेकायदाच आहे.

एचआयव्ही, टीबी आणि घरातली माणसं

एचआयव्ही बाधित नवरा म्हणतो, "बायकोला सांगू नका." २०१७ च्या कायद्याने रस्ता आखून दिलाय. आधी त्याचं समुपदेशन, की तू स्वतः सांग. वेळ द्यायचा. तो सांगणार नाही अशी खात्री पटली आणि तिला खरोखर धोका असेल, तर त्याला आधी कल्पना द्यायची की आता मी सांगणार, आणि मग तिला समोर बसवून, नीट समजावून सांगायचं. फोनवर किंवा सासूमार्फत नाही. उलट बाधित बाई असेल आणि सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी तिला रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगायची सक्ती तिच्यावर नाही. कंपनीचा एचआरवाला रिपोर्ट मागायला आला तर त्याला वाटेला लावा. तब्येतीने काम करू शकणाऱ्याला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलंय.

टीबीत लपवण्याचा पर्याय नाही. २०१२ पासून प्रत्येक पेशंटची नोंद सरकारकडे करावीच लागते, खाजगी डॉक्टरनेही. नव्या सुना यात फार घाबरतात, 'माहेरी पाठवतील' म्हणून. त्यांना सांगायचं की नोंद निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर होते, चाळीच्या फलकावर नाही. आणि नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यात येतात. हे कळल्यावर सासूचाही सूर जरा बदलतो. घरातल्यांची तपासणी मात्र करायला हवी, ती कशी करायची ते सुनेशी बोलून ठरवा. कधी मीच म्हणते, "या मोसमात मी सगळ्यांच्याच छातीचा फोटो काढून घेतेय." हे अर्धसत्य आहे. यावर माझ्याशी वाद घालणारे डॉक्टर मित्र आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

रात्री अडीचला दार वाजतं

"मॅडम, चला लवकर, काका गेले." मुंबईत घरी मरण आलं की डॉक्टरचा कागद हातात असल्याशिवाय स्मशानात पुढे सरकत नाही. म्हणून अख्खी चाळ तुमच्या दारात येते.

तुमचाच पेशंट होता, शेवटच्या आजारात तुम्हीच बघत होतात, आणि मरण त्या आजाराला धरून आलं असं वाटत असेल, तर जा. स्वतः तपासा, दुसऱ्याने सांगितलं म्हणून लिहू नका. नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, स्टेथोस्कोप पुरेसा वेळ छातीवर. अंगावरची चादर पूर्ण काढा, कितीही ओशाळवाणं वाटलं तरी. मग नमुना ४ अ, म्हणजे मरणाच्या कारणाचं सर्टिफिकेट, भरून द्या. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच तसं आहे.

त्या फॉर्मवर छापलेलंच असतं की हार्ट फेल्युअरसारखी मरणाची पद्धत लिहू नका, आजार लिहा. तरी निम्मे लोक 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे होतात. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. खालून वर विचार करा: मूळ काय होतं, म्हणजे जुना मधुमेह; त्याने काय झालं, म्हणजे किडनी निकामी; आणि शेवटी कशाने गेले.

न द्यायची वेळ ओळखता आली पाहिजे. ज्याला कधी पाहिलंच नाही तो माणूस. तरुण, ठणठणीत, आणि अचानक. पडणं, भाजणं, विष, पाणी, गळ्यावर वण. लग्नाला सात वर्षं न झालेली सून, मग घरचे कितीही रडत असोत. आणि कुणी जास्तच घाई करत असेल तर. अशा वेळी पोलिसांना कळवायचं आणि पोस्टमार्टेम होईल हे नातेवाइकांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मागच्या दाराने सटकायचं नाही.

तोवर एखादा कार्यकर्ता आलेला असतो. "मॅडम, सकाळी गावाहून माणसं येतायत, कशाला पीएम? आपलीच माणसं." त्याच्याशी वाद घालू नका. घरातल्या कर्त्या बाईला बाजूला घ्या आणि सांगा, "मी अंदाजाने काही लिहिलं आणि उद्या विम्याच्या किंवा फंडाच्या पैशांवर कुणी हरकत घेतली, तर त्रास तुम्हालाच होणार. आज उशीर होईल, पण कागद पक्का राहील." कर्त्या बायकांना हे पटकन कळतं. बाचाबाची वाढलीच तर डॉक्टरवर हात उचलणाऱ्याला महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण रात्री अडीचला कायदा ऐकवण्यापेक्षा चाळीतला एखादा शहाणा म्हातारा सोबत घेऊन गेलेलं बरं.

विष घेतलेली पेशंट जिवंत असते तेव्हाचा पेच वेगळा. "केस नको, पोरीचं लग्न व्हायचंय, तुम्हीच सलाईन लावा." तुमच्याकडे ठेवू नका, पोट धुवायची आणि लक्ष ठेवायची सोय तुमच्याकडे नाही. प्रथमोपचार करून सरळ केईएम, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ. नातेवाइकांना सांगा की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होईल, पण जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून तिला शिक्षा करायचे दिवस गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायला सांगितलंय, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत या शिक्षेचं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. लोकांच्या डोक्यात अजून तेच भूत आहे. अपघाताच्या जखमीलाही आधी हात लावा, पोलिस नंतर. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच सांगितलं.

छातीत दुखणारे काका "गॅस आहे, मी हॉस्पिटलला जाणार नाही" म्हणतात तेव्हा स्टुलावरचा माणूसच नकार देत असतो. तो त्यांचा हक्क आहे, पण त्यांना समजलंय का ते तपासा. मी केसपेपरवर मराठीत लिहिते: 'हार्ट अटॅकची शक्यता सांगितली, न गेल्यास जीव जाऊ शकतो हे सांगितलं, केईएमला जाण्यास नकार.' त्यांनाच मोठ्याने वाचायला देते, मग सही. स्वतःच्या तोंडून 'जीव जाऊ शकतो' वाचल्यावर बरेच जण चपला घालतात. 'अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस' असा इंग्रजी शिक्का मारून हे साधत नाही.

सर्टिफिकेटं आणि पाकिटं

हे थोडक्यात. तारीख आजचीच. 'चार दिवसांपूर्वीपासून ताप होता असं पेशंट सांगतात' हे लिहिता येतं, 'चार दिवसांपूर्वी तपासलं' हे नाही. सर्टिफिकेटवर ओळखीची खूण, पेशंटची सही किंवा अंगठा, आणि रजिस्टरमध्ये नोंद. पोलिसभरतीच्या पोराचं फिटनेस त्याच्या भावाने मागितलं तर पोराला पाठवायला सांगा. केसपेपरची प्रत पेशंटने मागितली तर बहात्तर तासांत द्या, आणि मागणारा वकील घेऊन आला म्हणून त्यात एक अक्षरही नव्याने घालू नका. नवी आठवण झालीच तर आजची तारीख घालून खाली लिहा.

दिवाळीला लॅबकडून पाकीट येतं. ते परत करा. कमिशन घेणं आचारसंहितेत बसत नाही हे तर आहेच, पण एकदा घेतलंत की एमआरआय कुणाच्या फायद्यासाठी लिहिला, हे तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही.

शेवटचा कागद

केईएमचा विषय आहे तर अरुणा शानबाग यांना वगळून पुढे जाता येत नाही. १९७३ मध्ये हल्ला झाला तेव्हा त्या तिथेच नर्स होत्या. त्यानंतर त्या अचेतच राहिल्या, आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत त्यांना तिथल्याच नर्सनी सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांना मरू द्यावं की नाही हा प्रश्न आला, तेव्हा त्या स्वतः बोलू शकत नव्हत्या. त्यांच्या वतीने कोण बोलणार? न्यायालयाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांचं म्हणणं होतं, त्या जगाव्यात. त्याच निकालात कृत्रिम उपचार थांबवायला काही अटींवर परवानगीही मिळाली. २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता आली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली.

आता माझ्याकडच्या आजी-आजोबांपैकी काही विचारतात, "मला नळ्या नकोत, कुठे लिहून देऊ?" सांगायचं ते असं. सज्ञान आणि शुद्धीवरच्या कुणालाही करता येतं. दोन साक्षीदार, शक्यतो ज्यांचा त्यात काही संबंध नाही असे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलायचं, त्यांची नावं, एकापेक्षा जास्त. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक त्या नेमलेल्या माणसांकडे, आणि फॅमिली डॉक्टर असेल तर एक त्याच्याकडे. इच्छापत्र असलं म्हणून उद्याच व्हेंटिलेटर काढत नाहीत. हॉस्पिटलचं एक आणि त्याच्यावरचं दुसरं, अशा दोन मंडळांनी आजार बरा होणारा नाही असं ठरवावं लागतं. मुलांसमोर हे वाचून दाखवा असा मी आग्रह धरते, कारण आयसीयूच्या दारात कागद पहिल्यांदा निघाला की घरात दोन तट पडतात.

माझ्याकडे आलेल्या प्रती मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि दर वर्षी गणपतीनंतर त्यातल्या नावांना फोन करते. एक भाऊ बदलापूरला गेलेला असतो, एकीने नंबर बदललेला असतो, आणि मागच्या वेळी एका आजींनी तर नेमलेल्या पुतण्याचं नाव खोडून शेजारणीचं घालायचंय म्हणून निरोप धाडला. त्यांना सांगितलं, खोडाखोड चालणार नाही, नवा कागद, नवे साक्षीदार, परत नोटरी.